शाळेतलं वय

माझे दोन वाढदिवस आहेत. एक पत्रिकेतला, गोकुळाष्टमीचा, तो खरा. दुसरा शाळेतला, एक जूनचा, आणि तो खऱ्याच्या सव्वा वर्ष आधीचा. रत्नागिरीकडच्या आमच्या गावात गुरुजी पोरांना दाखल करताना सरसकट एक जून टाकायचे. वय कमी पडत असलं तर वर्षही एखादं मागे सारायचे. अर्ध्या वर्गाचा वाढदिवस एकाच दिवशी, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटायचं नाही. मला वय भरायच्या आधीच का घेतलं, असं विचारलं की बाबा म्हणायचे, "हुशार होतास. घरात बसून काय करणार होतास?" ही हुशारी मी पुढे तीस वर्षं पुरवून पुरवून वापरली.

आई मी दुसरीत असताना गेली. तापाने, असं मला सांगितलं होतं. मला ती आठवते ती ओटीवर बसून 'जा, शाळेत जा' असा हात हलवणारी. तिलाही माझ्या हुशारीचं भारी कौतुक असणार, असं मी धरून चाललो होतो.

तिशी ओलांडल्यावर वैमानिक व्हायचं खूळ डोक्यात घेतलं तेही त्याच जोरावर. तोवर विमानतळाजवळच्या एका कार्गो कंपनीत कागदपत्रं बघायचो. विमानं रोज डोक्यावरून जायची आणि मी खाली बसून खोक्यांचे आकडे जुळवायचो. एक दिवस बायकोला सांगितलं. ती भाईंदरला शाळेत शिकवायची, तपासायच्या वह्यांतून मान वर न करता म्हणाली, "करायचंच असेल तर आत्ता कर. पन्नाशीला मला ऐकवत बसू नकोस." याला परवानगी म्हणायचं तर म्हणा.

त्यानंतरची चार वर्षं सांगण्यासारखी नाहीत. मीरा रोडच्या घरात जेवायच्या टेबलावर नकाशे पसरून परीक्षांचा अभ्यास करायचा, आणि जेवायच्या वेळी नकाशे गुंडाळून पलंगाखाली सारायचे. खालच्या मजल्यावरचे गुजराती काका जिन्यात गाठून विचारायचे, "क्या कॅप्टन, प्लेन किधर पार्क किया?" पहिल्या वर्षी मी हसायचो. नोकरी सोडली होती. पैशांचं रडगाणं इथे गात नाही. बाहेरगावच्या फ्लाइंग क्लबात चालू विमान एक आणि शिकणारे वीसेक, सगळे मला अंकल म्हणणारे. पहाटे जाऊन बाकावर बसायचं. धुकं असलं तर उड्डाण नाही, वारा आडवा असला तर नाही, इन्स्ट्रक्टर रजेवर असला तर नाहीच नाही. लायसन्सला दोनशे तास लागायचे आणि आठवड्याला कधी दोन मिळायचे, कधी शून्य. उडायला गेलो होतो, बाकावर बसण्यात तरबेज झालो. खरं सांगायचं तर पहिल्यांदा एकट्याने विमान वर नेलं तेव्हाही आनंदाच्या आधी मनात आलं ते हेच, की आता उरले किती.

लायसन्स हातात आलं तेव्हा नव्या नव्या विमान कंपन्या निघत होत्या. पण नवशिक्यांना घेताना बहुतेकांची अट तिशीच्या आतली. गणपती उठल्यावर बाबांनी पेपरातलं एक कात्रण आणून माझ्यासमोर ठेवलं. एका कंपनीला पस्तिशीपर्यंतचे चालणार होते. ही एकच. पत्रिकेप्रमाणे मला नुकतीच चौतीस झाली होती. शाळेप्रमाणे पस्तीस होऊन वर चार महिने.

मी कात्रण परत दिलं. बाबांनी ते घेतलं नाही. सरकारी कचेरीत कारकून म्हणून जन्म गेलेला माणूस. कागदाला कागद लावला की फाईल हलते, यावर त्यांची देवापेक्षा जास्त श्रद्धा. दोन दिवस खिडकीशी बसून त्यांनी स्वतःच्या हाताने अर्ज लिहिला. स्टेशनजवळच्या वकिलाकडून प्रतिज्ञापत्र करून आणलं. माझ्या पत्रिकेची झेरॉक्स काढली आणि सगळं नाडीच्या फाईलमध्ये लावलं.

"बाबा, तिथे पत्रिका कोण बघणार?"

"तुझ्या लग्नात बघितली तेव्हा चालली. आता बरी चालत नाही."

अर्ज वाचायला मागितला तर म्हणाले, "साहेबांपुढे ठेवायचा कागद आहे. तू खाडाखोड करशील." वाद घालायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं. गेलो दोघं अंधेरीला. बाबांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता.

कंपनीची भरतीची बाई माझ्यापेक्षा लहान होती, पण समजूतदार वाटली. तिने लॉगबुक चाळलं, मार्क बघितले, मान डोलावली. मग दहावीच्या सर्टिफिकेटवर बोट ठेवून थांबली. बाबांनी लगेच फाईल पुढे सरकवली. तिने अर्ज उलटसुलट केला आणि माझ्याकडे दिला. "सर, मुझे मराठी पढ़ना नहीं आता. आप ही बताइए, क्या लिखा है?"

मी आधी मनातल्या मनात वाचला. बाबांचं ते टपोरं, कचेरीतलं अक्षर.

'मुलाचे वय पाच पूर्ण नसताना खोटी तारीख सांगून त्यास शाळेत घातले. कारण मुलाच्या आईस क्षयाचा विकार होता व मुलास तिच्याजवळ जाऊ देऊ नये असे डॉक्टरांनी बजावले होते. मुलगा दिवसभर आईस बिलगत असे. घरात सांभाळणारे अन्य कोणी नव्हते. सबब नाइलाजाने असे केले. चूक सर्वस्वी माझी असून तिची शिक्षा मुलास होऊ नये, ही नम्र विनंती.'

तीनदा वाचलं असेन. बाबा टेबलावरच्या विमानाच्या खेळण्याकडे बघत होते. मला त्यांचा राग आला, इतकी वर्षं सांगितलं नाही म्हणून. आणि लगेच त्या रागाचाही कंटाळा आला. म्हणजे ओटीवरून हलणारा तो हात कौतुकाचा नव्हता. ती मला लांब ठेवत होती.

"क्या हुआ, सर?" बाईने विचारलं.

खरं सांगितलं असतं तर बाई फाईल घेऊन वरच्या साहेबांकडे गेलीही असती. चेहऱ्यावरून तशी वाटत होती. चार वर्षं घासून शेवटी हातात एवढंच उरलं होतं, आणि मला ते नीट कळत होतं. पण त्या टेबलावर आईचं दुखणं मांडून नोकरी मागायची, आणि तीही बाबांच्या देखत, हे मला जमेना.

"लिखा है, लड़का होशियार था," मी म्हणालो. "इसलिए जल्दी स्कूल में डाल दिया."

बाई हसली. म्हणाली, स्वीट आहे, पण कंपनीत दहावीचं सर्टिफिकेटच धरतात, सॉरी. आई गेल्यावर बाबांची पुढची सगळी नोकरी मुंबईत झालेली, हिंदी त्यांना चांगलं कळतं. ते उठले आणि फाईलची नाडी बांधायला लागले. गाठ काही बसेना, तेव्हा मी बांधून दिली.

मीरा रोडला उतरून शेअर रिक्षात बसलो. तिसरा पॅसेंजर येईपर्यंत रिक्षावाला काही हलेना. बाबा फाईल मांडीवर घेऊन बसले होते.

"लिहिलेलं का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की."

तिसरा पॅसेंजर आला, रिक्षा सुटली. पेणकरपाड्याच्या वळणावर बाबा म्हणाले, "हुशार होतासच पण. ते काही खोटं नव्हतं. रोज संध्याकाळी ती तुला विचारायची, आज काय शिकवलं म्हणून. ओटीवरूनच."

"आणि मी?"

"तू अंगणात उभा राहून सगळं सांगायचास. तिला ऐकू जावं म्हणून ओरडून."

मला त्यातलं काहीच आठवत नाही.