हिरवी चिठ्ठी लागलेला ट्रॅप

"मिस्त्री, तो ट्रॅप सोडा. त्याला हिरवी चिठ्ठी लागलीय," मॅनेजर साहेब म्हणाले.

मी सोडला नाही. लांब पेचकसाचं टोक मी ट्रॅपवर टेकवलं होतं आणि मूठ कानाला लावली होती. आत सारखी फरफर चालू होती. चिठ्ठी हिरवी असो नाहीतर भगवी, वाफ पळत होती.

हा लातूरच्या एमआयडीसीतला सोयाबीनचं तेल काढायचा कारखाना. मी तिथला पाइप फिटर. शाळा हिमायतनगरला चौथीपर्यंत झाली, पण वाफेच्या लाइनीवर चाळीस वर्षं गेली.

ट्रॅप म्हणजे काय ते सांगतो. मशीन तापवता तापवता वाफेचं पाणी होतं. ते पाणी बाहेर जाऊ द्यायचं आणि वाफ अडवायची, एवढंच ट्रॅपचं काम. आमच्याकडे चकतीवाले ट्रॅप. पाणी आलं की आतली चकती उचलते, मागून वाफ आली की बसते. चांगला ट्रॅप टक वाजतो, गप्प राहतो, परत टक वाजतो. चकती बसलीच नाही तर वाफ सरळ निघून जाते, त्याला फेल ओपन म्हणायचं. पाणीच सुटलं नाही तर फेल क्लोज. हे शब्द मलाही येतात, इंजिनिअर लोकांना वाटतं येत नाहीत.

तर आठ दिवसांपासून बॉयलरचं प्रेशर टिकत नव्हतं. सात किलोवर चढवलं की थोड्या वेळात पाचवर. सोयाबीन वाफवायचा कुकर तापेना, माल कच्चा निघायला लागला. आणि सगळा दोष बॉयलरवाल्या संगप्पावर आला. हा रेणापूरचा, शांत माणूस, कपाळाला भस्म लावून ड्यूटीवर येणारा. मॅनेजरनी त्याला सांगून टाकलं होतं, संध्याकाळपर्यंत प्रेशर टिकलं नाही तर उद्यापासून येऊ नकोस.

"मामा, भुसा टाकून टाकून हात भाजले माझे," तो मला म्हणाला. "आणिक साहेब म्हणते, तू झोपून राहिलास."

"तुझं काही चुकत न्हाई," मी म्हणालो. "वाफ कुठंतरी पळून राहिली. मी बघतो."

त्याच आठ दिवसांत पुण्याहून एक साहेब ट्रॅपचा सर्व्हे करून गेला होता. हातात टेंपरेचर गन. लांबूनच लाल टिपका मारायचा, आकडा लिहायचा, चिठ्ठी चिकटवायची. गरम तर हिरवी, गार तर लाल. चहा गार व्हायच्या आत त्याची एक लाइन उरकायची.

त्याची लाल चिठ्ठी कुठं लागली, तर जुन्या ड्रायरच्या ट्रॅपवर. तो ड्रायर पोळ्यापासून बंद! लाइनीचा व्हॉल्व्हच बंद, तर ट्रॅप गार नाही तर काय राहील? तरी रिपोर्टमध्ये फेल क्लोज लिहिलं, आणि माझ्याच हातानं तिथं नवा ट्रॅप बसवून घेतला. बंद लाइनीवर! मी तेव्हाच ओरडलो होतो. कोण ऐकतंय?

आणि कुकरचा हा ट्रॅप चटका बसेल इतका गरम, म्हणून हिरवा. अरे, वाफ आरपार चालली तर गरमच लागणार ना!

"साहेब, हा फेल ओपन हाय," मी म्हणालो.

"रिपोर्ट स्टँडर्डप्रमाणे आहे मिस्त्री. तुम्ही वाचलाय का?"

"न्हाई वाचला. तुम्ही ट्रॅप ऐकला का?"

साहेबांचं तोंड लाल झालं. मी पेचकस पुढं केला. त्यांनी घेतला नाही. मग मी ट्रॅपच्या पुढचा टेस्ट कॉक, म्हणजे तपासायची तोटी, उघडला.

इथं लोक फसतात. चांगल्या ट्रॅपमधूनही ढग निघतो, कारण गरम पाणी बाहेर पडलं की त्यातल्या थोड्याची लगेच वाफ होते. पण तो ढग पांढरा, मऊ, थांबून थांबून येणारा. खरी वाफ तोंडाजवळ दिसतच नाही. आधी नुसती रिकामी जागा दिसते आणि पांढरं नंतर सुरू होतं. इथं वीतभर रिकामं दिसत होतं आणि थांबायचं नाव नाही. शिट्टी अशी, की संगप्पा बॉयलरवरून पळत आला.

"मोजा आता," मी म्हणालो. "कधी बंद होतो सांगा."

साहेब घड्याळाकडं बघत राहिले. पाच मिनिटं झाली. शेवटी म्हणाले, "खोला."

लाइन बंद केली, थंड होऊ दिली, टोपी खोलली. चकतीखाली वेल्डिंगचा मणी अडकला होता, ज्वारीच्या दाण्याएवढा. मी तो साहेबांच्या तळहातावर ठेवला. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

साहेब तो मणी बघत होते. "हा इथपर्यंत आला कसा? अलीकडे गाळणी आहे ना?" त्यांनी गाळणीची टोपी खोलायला लावली. आत जाळी नव्हती.

साहेब संगप्पाकडं वळले. "जाळी काढून ठेवलीस तू? हेच धंदे करतोस?"

संगप्पानं माझ्याकडं बघितलंही नाही. त्याला माहीत होतं की नाही, मला आजही माहीत नाही.

"त्यानं न्हाई," मी म्हणालो. "मी काढली. सारखी तुंबत होती म्हणून."

"तुम्ही? चाळीस वर्षं म्हणता ना?"

"हाव. मीच."

मी स्टोअरमधून जाळी आणली, बसवली, चकती घासून टोपी लावली. वाफ सोडली. टक. थांबला. टक. चहाच्या वेळेला काटा सात किलोवर होता आणि सुट्टीच्या भोंग्यालाही तिथंच. संगप्पा दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर आला. पुण्याच्या साहेबाला मॅनेजरनी परत बोलावलं, ह्या वेळेस गनसोबत कान घेऊन यायला सांगितलं. त्या दिवसाच्या रिपोर्टमध्ये मात्र मॅनेजरनी माझं नाव लिहिलं, जाळी काढणारा म्हणून. ट्रॅप पकडणारा म्हणून कुठंच नाही.

मी भांडलो नाही. त्या दिवसापासून जाळी तुंबली की काढून धुतो आणि परत बसवतो. पंधरा मिनिटांचं काम आहे.