आडव्या सायकलचा चिमटा

आमच्या साप्ताहिकाच्या कचेरीत विलायती मासिकांचे जुने अंक येत. त्यातल्या एका अंकात एक फोटो होता. एक गोरा गृहस्थ जवळजवळ उताणा पडून सायकल चालवत होता. पाय पुढे, डोके मागे आणि चेहरा जेवण झाल्यासारखा शांत. संपादकांची परवानगी घेऊन मी ते पान कापले आणि ओळखीच्या सायकलवाल्या मिस्त्रीकडे नेले.

पान मिस्त्रीसाठी नव्हते, त्याच्या दुकानी रोज येणाऱ्या एका विणकरासाठी होते. तेलुगू घरातला हा माणूस स्वतःच्या मागावर लुगडी विणी आणि सायकलला गाठोडे बांधून अक्कलकोटच्या बाजूच्या गावांत स्वतःच विकी. सुताच्या गठ्ठ्यासकट माळ्यावरून पडल्यापासून त्याचे माकडहाड दुखावले होते. मागावर तो गोधडीची वळकटी घेऊन कसाबसा बसे, पण सायकलच्या सीटवर टेकला की किंचाळे. त्या गावांना रेल्वे नव्हती. तिथल्या बाजारांना जाणे बंद झाले तर माग विकायचा आणि एखाद्या कारखानदाराच्या मागावर मजुरीला बसायचे, एवढेच उरत होते. एका कारखानदाराने तसा निरोप पाठवलाही होता.

मिस्त्रीने फोटो उलटासुलटा करून पाहिला.

"साहेब, हा आजारी हाय का?"

"शर्यत जिंकलाय."

"झोपून?" मिस्त्री विणकराकडे वळला. "मामा, तुमचं काम झालं बगा. हाड मोकळं, पाट टेकलेली."

मिस्त्रीने विणकराचीच सायकल फोडली. आरामखुर्चीचे कापड ताणून मागच्या चाकापुढे बैठक केली. पायडल पुढे, चाकाच्या वर नेले आणि दोन साखळ्या जोडून एक केली. टाचा चाकाला लागू नयेत म्हणून पुढे लहान मुलांच्या सायकलचे छोटे चाक घातले. हँडलला लांब दांडे जोडून ते पार हातांपर्यंत मागे आणले. पुढच्या चाकाला धरणाऱ्या दुपायी चिमट्याला त्याने खास झोकदार बाक दिला. चिमट्याचा बाक हा त्या दुकानाचा अभिमान होता. जितका बाक डौलदार तितकी सायकल भारी, असे गिऱ्हाईक मानत आणि मिस्त्रीही मानी.

पहिल्या फेरीला गल्ली जमली. विणकर बैठकीत आडवा झाला, मिस्त्रीने ढकलले आणि कोणीतरी ओरडले, "मामा, खांदेकरी कुटं गेले?"

उत्तर द्यायला मामाला सवड नव्हती. सायकल डावीकडे गेली, लगेच उजवीकडे गेली आणि गटारात गेली. दुसऱ्यांदाही तेच झाले. चाक वळले की आपण होऊन सरळ होईना, उलट आणखी वळे.

"तुमी झटका देताय," मिस्त्री म्हणाला.

"झटका न देऊन कसं? हात तसाच चालतो की."

यात तथ्य होते. सुताचा धोटा मागावर इकडून तिकडे पळवायला विणकर दिवसभर दोरीला झटके देतो. या माणसाचा उजवा हात पंचवीस वर्षे तेच करत आला होता. समोर दांडा आला की हात आपोआप ओढी, आणि ही सायकल तर नुसत्या शिंकेनेही वळत होती.

"हात बांदून चालवा मग," मिस्त्री वैतागला.

"आनि पाय तू मारनार?"

तिसऱ्या फेरीत सायकल गल्लीतल्या एका पखालवाल्याच्या भिंतीवर सरळ आदळली. माणूस शाबूत राहिला. चिमट्याचे दोन्ही पाय मात्र सारखेच मागे दबले होते. डौल गेला, बाक गेला, चिमटा काठीसारखा सरळ झाला. मिस्त्री हळहळला. "उद्या तापवून परत बाक काढतो. आज हात लावू नका."

विणकराने ऐकले नाही. घर जवळ होते आणि चालणे त्याला जड जाई. तो आडवा झाला, पाय मारले आणि निघाला. आम्ही दोघे मागून धावलो. सायकल गल्लीच्या टोकापर्यंत रेषेत गेली. मध्ये त्याच्या हाताने सवयीचा झटका दिला. चाक जरासे हलले आणि पुन्हा आपल्या जागी आले.

"अय्यो!" विणकर ओरडला. "मिस्त्री, ही सुदारली!"

मिस्त्रीला हे अपमानासारखे वाटले. त्याने सायकल दुकानात परत आणवली. हँडलची नळी ज्या तिरप्या रेषेत होती, त्याच रेषेत आम्ही एक लांब काडी जमिनीपर्यंत धरली. काडी टेकली त्या जागेच्या चार बोटे मागे चाक टेकत होते. मग जुन्या बाकाचा दुसरा चिमटा बसवून पाहिले. काडी आणि चाक एकाच जागी टेकत होते. पुढचे चाक छोटे झाल्याने सायकलचे तोंड खाली गेले होते आणि नळी उभी झाली होती. मोठ्या चाकाला शोभणारा बाक इथे चाकाला फार पुढे नेत होता.

"म्हंजे शेळीसारखं," विणकर म्हणाला. "दोरी धरून आपण पुढं चाललो की मागनं सरळ येती. तिला पुढं घातली की न्हाय तितं शिरती."

मिस्त्रीने कबूल केले, पण दबलेला चिमटा वापरू दिला नाही. तो कधीही मोडेल, म्हणाला. जाड नळीचा नवा चिमटा त्याने केला, अगदी थोड्या बाकाचा. तो करताना त्याचे तोंड कडू झाले होते. गिऱ्हाइकांना दिसू नये म्हणून त्यावर त्याने चिंधी गुंडाळून दिली.

तोटाही होता. सावकाश जाताना हँडल जड होऊन एका बाजूला पडे, त्यामुळे अरुंद बोळात विणकर उतरून सायकल ढकली. सडकेला लागला की मात्र ती बाणासारखी जाई. महिनाभर तो गाठोड्याशिवाय गावाबाहेर सराव करत राहिला. नंतर गाठोडे भरले.

तो पहिल्यांदा बाजारला गेला त्याच दिवशी निरोपवाला कारखानदार स्वतः माग पाहायला त्याच्या दारी आला. कचेरीला जाताना मी तिथेच थांबलो होतो. विणकराची बायको ओसरीवर सुताच्या कांड्या भरत होती. तिने मान वर केली नाही.

"मालक कुठं गेले?"

"बाजारला."

"त्यांना तर बसता येत नाही म्हणं. कशावर गेले?"

"पाठीवर पडून," ती म्हणाली आणि रहाट फिरवू लागली.