साप दाखवल्याशिवाय शिफ्ट नाही

साप पकडणाऱ्या माणसाशी निकाह लावू नकोस, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. आमच्या अक्साचे अब्बा, मुनीर, नारपोलीला अरशदशेठच्या कापडाच्या कारखान्यात लूम फिटर, म्हणजे माग दुरुस्त करणारे. पण पाना-पक्कड कमी आणि सापाची काठीच जास्त वेळ हातात. अकरा वर्षं झाली, कुठं काही सळसळलं की यांना फोन. तोही नेमका जेवायला बसल्यावर. ताट तसंच टाकून हे स्कूटरला किक मारतात, आणि मी एकटीच बडबडत बसते.

बरं, साप पिशवीत घातला की काम संपलं ना? नाही संपत. कारखान्यातली रीतच तशी आहे. साप डोळ्यांनी बघितल्याशिवाय एकही माणूस मशिनीला हात लावत नाही. "मुनीरभाई, एक बार दिखाओ" सुरू होतं. मग हे साप धरून लूमच्या रांगांमधून फिरणार, प्रत्येकाला दाखवणार, तेव्हा कुठं खडखडाट चालू. त्या मुक्या जिवाचं काय होत असेल, आणि यांना डसला तर माझं काय होईल, याची कुणाला फिकीर नाही.

गेल्या वर्षी असाच नाग फिरवला. कुणीतरी मोबाईलवर काढलं, वर गाणं लावलं, आणि दोन दिवसांत अख्ख्या भिवंडीनं बघितलं. वन खात्याच्या हापिसातून बोलावणं आलं. साहेबांनी सर्पमित्राचं कार्ड ठेवूनच घेतलं. "पकडायचा, पिशवीत घालायचा, आम्हाला कळवायचं, जवळच्या झाडीत सोडायचा. खेळ केलात तर गुन्हा आहे. पुन्हा दिसलं तर कार्ड कायमचं जाईल आणि केस होईल ती वेगळी."

तीन महिने हे घरात तोंड पाडून बसले होते. लोकांचे फोन यायचे, हे "मला परवानगी न्हाय" म्हणून ठेवायचे आणि जेवायचे नाहीत. कार्ड परत मिळालं तेव्हा मी अक्साच्या डोक्यावर यांचा हात ठेवला आणि शपथ घातली. यापुढं साप कुणालाही दाखवायचा नाही.

मार्चमध्ये कारखान्यात सूत गुंडाळलेल्या बीमच्या मागं धामण निघाली. बिनविषारी, उंदीर खाणारी. यांनी पकडली, पिशवीचं तोंड बांधलं. सगळे वाट अडवून उभे. अरशदशेठ म्हणाले, "दोन मिनिटांचं काम आहे मुनीर, दाखव आणि मोकळा हो." हे नाही म्हणाले आणि धामण खाडीकडच्या झाडीत सोडून आले. मागं कारखान्यात कुणाचा विश्वास बसेना. एक म्हणाला पिशवी रिकामी होती, दुसरा म्हणाला साप मशिनीखालीच आहे. अर्धी शिफ्ट घरी निघून गेली. शेठ यांच्याशी आठवडाभर बोलले नाहीत. मला मात्र बरं वाटलं. म्हटलं, चला, एकदाचं या माणसाला शहाणपण आलं.

परवा गुरुवारी यांची सुट्टी होती. सकाळचा नाश्ता पहिल्यांदाच शेवटच्या घासापर्यंत झाला. फोन वाजलाच नाही. दहाच्या सुमाराला कारखान्यातून फोटो आला. दुसरी धामण, डोकं ठेचलेलं, पोट फुगलेलं, बाजूला काठ्या घेतलेली माणसं. खाली लिहिलं होतं, "सबने देख लिया. शिफ्ट चालू. आप आराम करो."

यांनी फोन माझ्यासमोर धरला. आवाज चढवला नाही, काही नाही. "जाहिदा, पोटात अंडी होती तिच्या. बोलावलं असतं तर पाच मिनिटांत पोचलो असतो."

"मग का नाही बोलावलं मेल्यांनी?"

"मी दाखवत न्हाय ना आता."

शपथ मीच घातली होती.