अडईची अंडी

अडई म्हणजे रानबदक, पण तिला मी हंसाच्या भावकीतलीच मानते. अंगानं लहान, तांबूस, मान लांब, आणि उडताना शिट्टी घालते, त्यामुळे न बघताही ओळखू येते. जोडीनं राहते, पावसाळ्यात अंडी घालते आणि नर-मादी आळीपाळीनं ती उबवतात. हे मला कुणी शिकवलेलं नाही. कापडे गावात आमच्या घराच्या मागच्या दाराला लागूनच शेत आहे. भांडी घासता घासता सगळं दिसतं.

त्या वर्षी लवकर पिकणारं हळवं भात कापायला आम्ही दोघं उतरलो आणि बांधाकडच्या कोपऱ्यात घरटं निघालं. पांढरी अंडी, वर पक्षी नाही. आमच्या ह्यांनी हात लावून पाहिला.

"टाकून गेली गो. थंड पडलीत."

मी पेंढ्या बांधत होते. मान वर करेपर्यंत ह्यांनी अंडी टॉवेलात गुंडाळून घरी नेली आणि खुडूक कोंबडीखाली ठेवलीसुद्धा. कोंबडी उबवायला बसली की आमच्याकडे माणसांना कुणाचीही अंडी तिच्याखाली सारायची खाज सुटते.

माझं डोकं फिरलं. "टाकून नाय गेली. आपण विळे घेऊन उतरलो म्हणून उठली. ठेवा परत."

"आता नाय येत ती. माणसाचा हात लागला."

"येते. मी सांगते ना!"

कोंबडीच्या चोची खात मीच अंडी काढली, घरट्यात ठेवली आणि तो कोपरा कापायचा नाही असं बजावलं. तिन्हीसांजेला दोघं बांधाआड बसलो. वर शिट्टी झाली. जोडी आली, घिरटी घालून निघून गेली. हे माझ्याकडे बघायला लागले. मी ताठ बसून राहिले. पुन्हा शिट्टी झाली. जोडी पलीकडच्या पाण्यात उतरली आणि त्यातली एक मान खाली घालून भातात शिरली. अंधार पडेपर्यंत ती बाहेर आली नाही.

त्या कोपऱ्यातलं भात पुढे झडून गेलं. शेजारीपाजारी हसले. हसू देत.

मग एका सकाळी हे शेतातून हातानं खुणा करायला लागले. मी धावत गेले, तर ह्यांनी आमच्या कुत्र्याला दोन्ही हातांनी कवटाळून धरलेलं. समोर कापलेल्या शेतातून पुढे एक अडई, मागे एक, मधे काळीपांढरी पिल्लं, अशी सगळी ओढ्याकडे निघालेली.

"हळू ये गो," हे कुजबुजले. "आपली चाललीत."