विनयच्या खांद्यावरचा हात

सुरुवातीलाच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. लिहिण्याचा सराव नाही, आणि अशा गोष्टींवर माझा कधी विश्वासही नव्हता. तरी मंडळाच्या अंकासाठी हे लिहायचं धाडस करतोय, कारण एकट्याने मनात ठेवणं आता जमत नाही...

१९८६ चा ऑक्टोबर. मॅसॅच्युसेट्समधल्या आमच्या कॉलेजच्या तळघरात फोटो धुवायची डार्करूम होती, तिथे मी पार्ट-टाइम काम करायचो. जवळच्याच श्रूजबरी गावचे एक डॉक्टर काका दर रविवारी मला जेवायला बोलवायचे. त्यांचा मुलगा विनय, इथेच जन्मलेला, फोटोग्राफर होता. व्हेनेझुएलाच्या दक्षिणेकडच्या घनदाट जंगलात, नदीकाठच्या एका वस्तीत राहून तिथल्या लोकांचं रोजचं जगणं टिपत होता. त्याच्या फिल्मचे रोल तिथल्या ख्रिस्ती मिशनच्या विमानाने यायचे, ते मी डेव्हलप करायचो. पण पाच आठवडे ना रोल, ना पत्र.

काकूंना शेवटच्या रोलमधला एक फोटो मोठा करून हवा होता. सेल्फ-टायमर लावून काढलेला – मध्ये विनय, भोवती वस्तीतली माणसं, एका म्हाताऱ्याचा हात त्याच्या खांद्यावर.

जेवताना काका म्हणाले, "एवढा मोठा फोटो भिंतीवर? आपल्याकडे कुणाचे लावतात, माहीत आहे ना?"

"तुम्ही त्याला घेऊन या, मी लगेच उतरवते," काकू म्हणाल्या. मग कुणी भात मागितला नाही.

शनिवारी दुपारी निगेटिव्ह एन्लार्जरला लावली. डेव्हलपरच्या द्रावणात कागद हलवत उभा होतो. आधी छपराच्या झावळ्या उमटल्या, मग माणसं, मग तो हात... विनय उमटलाच नाही. नुसती पांढरी जागा राहिली असती तर म्हटलं असतं, माझंच चुकलं. पण तिथे मागचा खांब आणि टांगलेला केळीचा घड स्वच्छ दिसत होता. म्हाताऱ्याचा हात हवेत टेकलेला.

निगेटिव्ह उजेडात धरली. विनय होता. हसत होता. पुन्हा प्रिंट केली. तिसऱ्यांदा नवा कागद, ताजा डेव्हलपर – तेच. शेजारी काम करणाऱ्या लिंडाला निगेटिव्ह आणि प्रिंट दोन्ही दाखवल्या. तिने त्या आलटून पालटून पाहिल्या आणि बॅग उचलून निघून गेली.

संध्याकाळी काकूंचा फोन आला. मी सांगितलं, कागद खराब निघाला.

"चेहरा नीट आलाय ना पण?"

पुन्हा काढतो म्हणून मी फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी, रविवारी, परीक्षेचं निमित्त करून जेवायला गेलो नाही.

या सगळ्याचं स्पष्टीकरण आजही माझ्याकडे नाही. त्या शनिवारनंतर दहा दिवसांनी काकांनी फोनवर जे सांगितलं, तेवढंच सांगतो. विनय जिवंत होता. होडी उलटून वाहत गेला, पाय मोडला, नदीच्या खालच्या अंगाला दूर एका दवाखान्यात तापात पडून होता. वस्तीने महिनाभर वाट पाहिली आणि तो गेला असं धरलं. गेलेल्या माणसाचं काही मागे ठेवायचं नाही, त्याचं नावही घ्यायचं नाही, ही त्यांची रीत. त्याची झोळी, कपडे, वह्या... सगळं त्यांनी रडत रडत जाळलं.

मी विचारलं, "कधी जाळलं, काका?"

"मिशनवाले म्हणाले, मागच्या नव्हे, त्याच्या आधीच्या शनिवारी. दुपारी. का रे?"