साडूभाऊ आणि पुरातली गाडी

उभ्या कर्जत-खालापुरात गंजाशी माझ्या साडूंइतकं उघड वैर कुणी धरलं नसेल. एरवी माणूस गरीब स्वभावाचा. भिसेगावात घर, थोडी भातशेती, कारखान्यात नोकरी. पण लोखंडावर तांबूस डाग दिसला की त्यांचं डोकं फिरे. पाहुण्याने अंगणात गाडी लावली की आधी बोनेट उघडायचं. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी-हिरवी पूड साडू घासून काढीत आणि तोवर त्या पाहुण्याला चहा मिळत नसे. नेरळच्या एका लग्नात तर फुलांनी सजवलेल्या गाडीखाली ते नव्या सफारी सुटासकट शिरले. वरात खोळंबली, बेंजोवाले खाली बसले, नवरदेव घामाघूम झाला. गाडीखालून आवाज आला, "वरून लगीन हाय, खालून मयत हाय रं हिची!"

हे वेड त्यांना लागलं ते स्वतःच्याच गाडीपायी. कुंभिवलीजवळ हायवेवरच्या एका व्यापाऱ्याकडून त्यांनी हौसेने जुनी गाडी घेतली. काही महिन्यांत ब्रेक दाबला की वायपर फिरू लागले, भर बाजारात हॉर्न आपोआप वाजू लागला. कार्पेट उचललं तर खाली सुकलेला गाळ. गाडी पुरात बुडून वर आलेली होती. त्या दिवसापासून साडूंनी तिची सेवाच मांडली. वायरिंगचा एकेक जोड सोडवायचा, स्प्रे मारून ब्रशने पुसायचा, वाळवून परत बसवायचा. चॅसीच्या पोकळीत मेण सोडायचं, पाणी निघायची भोकं काडीने मोकळी करायची. मेव्हणी म्हणे, "माझ्याकडं एवढं कधी बघितलं नाय यांनी."

शेवटी कंटाळून तिनेच एक गिऱ्हाईक आणलं. साडूंनी त्याला अगत्याने चहा पाजला आणि त्याच्यासमोर दरवाजाखालच्या पत्र्यात स्क्रूड्रायव्हर खुपसला. तो मुठीपर्यंत आत गेला. गिऱ्हाईक कप ठेवून उठलं. "लोकांना कशाला भ्या घालता?" मेव्हणी कडाडली. साडू म्हणाले, "आतनं गेलीय गं ती. उद्या कुठं ठोकली तर एअरबॅग उघडंल का नाय, मलाच माईत नाय."

पुढे ते एका दहाव्याला गेले असताना मेव्हणीने गाडी विकून टाकली. शेलूच्या एका तरुणाने घेतली होती. साडू दुसऱ्या दिवशी गाडी परत मागायला त्याच्या दारात हजर. सगळं ऐकून पोरगा हसला. "काका, दुसऱ्याकडून जास्त भाव आला वाटतं?" मग साडू दर महिन्याला ब्रश, स्प्रे आणि मेणाचा डबा घेऊन शेलूला जाऊ लागले. फुकटात गाडी साफ होत होती, तेव्हा पोरगाही नको म्हणेना. विकलेल्या म्हशीला वैरण घालायला निघाले, म्हणून आम्ही सगळे हसायचो.

एका सकाळी खालापूरजवळ हायवेला तो पोरगा पुढच्या ट्रकवर आदळला. एअरबॅग उघडली नाही.

मयतीला मी साडूंबरोबर गेलो. ते गर्दीच्या मागे उभे राहिले, तरी पोराच्या बापाने त्यांना हेरलं. जवळ येऊन म्हणाला, "तुमी सांगितलं व्हतं. आमी ऐकलं नाय."  घरी आल्यावर साडू मला हळूच म्हणाले, "एअरबॅगच्या जोडावर मला मागच्या खेपेला पावडर दिसली व्हती, साडूभाऊ. पुसली मी. वाटलं, निघाली."

मेव्हणीला त्यांनी कधी एका शब्दाने बोल लावला नाही. तिला तेच सोसत नाही.

ते अजूनही महिन्यातून एकदा शेलूला जातात, रिकाम्या हाताने. पोराचा बाप आणि ते ओट्यावर बसतात. कधी भाताचं बोलतात, कधी पावसाचं. मागल्या खेपेला ते निघाले तशी मेव्हणी म्हणाली, "मी पण येते."  साडू चपला घालून दारात थांबले, ती पदर सावरून बाहेर येईपर्यंत.