आशिझावाचं लोहचुंबक

आशिझावा दीडशहाणा होता. हे मी त्याच्या तोंडावर सांगितलंही असतं, पण त्याने तोंड मिटलं तर ना! सदतीस वर्षं आमच्या कोफू शहरात घरोघरी फिरून पाण्याची मीटरं वाचली, निवृत्त झाला आणि महिन्याभरात दागिन्यांचा पारखी होऊन बसला. इथे निम्म्या गल्ल्या दागिने घडवतात. मी स्वतः एकतीस वर्षं व्हाइट गोल्डच्या अंगठ्यांना पांढरा मुलामा चढवला. पण मला एका शब्दाने विचारायचं नाही. त्याला कुठल्याशा मासिकात एक पान सापडलं होतं, तेवढ्यावर गाडी सुसाट.

बैठ्या टेबलावर सगळी प्रयोगशाळा मांडलेली. लोहचुंबक, तांदळाच्या व्हिनेगरची बशी आणि न्हाणीघराच्या कामातून उरलेली एक फरशी. फरशीच्या खरबरीत पाठीवर तो लोकांच्या अंगठ्या खसाखसा घासायचा आणि डोळे बारीक करून "हं" म्हणायचा. त्या "हं"ची मला शिसारी यायची.

एकदा शेजारच्या कुबोदेराबाईंची साखळी त्याने खोटी ठरवली. का, तर कडी चुंबकाला चिकटली! अहो, कडीच्या पोटात बारीकशी पोलादी स्प्रिंग असते, ती चिकटणारच. बाई दोन दिवस रडत होत्या. मी जाऊन समजावलं, तर हा मलाच म्हणतो, "नोझावासान, माणूस खोटं बोलतो, चुंबक नाही."

गल्लीतली एकही अंगठी त्याने सोडली नव्हती. फक्त स्वतःच्या बायकोची, फुमिएची, कधी मागितली नाही. "घरच्या वस्तूची काय परीक्षा घ्यायची!" असं म्हणून हसायचा.

त्याच्या मुलीचं, मिनोरीचं, लग्न मीच जुळवलं होतं. मुलगा ताकुमा, पीचच्या बागा असलेल्या घरातला, कमी बोलणारा, सरळ. शुभ दिवस पाहून मी मुलाकडच्या भेटी पोचवल्या. सुकवलेले मासे, समुद्री शेवाळ, साके आणि ताकुमाच्या आजीची व्हाइट गोल्डची अंगठी. आठवड्याने आशिझावाचा फोन आला. "लगेच या. सगळं परत न्यायचं आहे."

भेटी मध्यस्थाच्या हातून परत गेल्या की लग्न मोडलं. मी चपला पायात अडकवल्या आणि धावले.

मिनोरी भिंतीशी बसली होती, डोळे सुजलेले. आशिझावाने अंगठी चिमटीत धरून माझ्या नाकापुढे नाचवली. "बघा! तळव्याकडची बाजू बघा! पिवळी पडलीय. वर पांढरा रंग, आत पितळ. माझ्या मुलीला पितळ देतात!"

"व्हिनेगरमध्ये हिरवी पडली?"

"नाही."

"चुंबकाला चिकटली?"

"नाही. तीच तर त्यांची लबाडी!"

मी कपाळावर हात मारला. "आशिझावासान, सोनं जन्मतः पिवळंच. पांढऱ्या धातूत मिसळलं तरी पिवळसर झाक राहते, म्हणून वरून मुलामा चढवतात. त्या आजीने चाळीस वर्षं ही घालून फळं तोडली, मुलामा झिजला. झिजून पिवळं दिसलं, हे खऱ्याचं लक्षण आहे."

"मला शिकवू नका! खरं व्हाइट गोल्ड पिवळं पडत नाही. पुरावा हवाय?" त्याने फुमिएचा हात ओढून पुढे धरला. "ही मी घेतलेली! तेहतीस वर्षं भांडी, धुणी, सगळं केलंय हिने या हाताने. आहे कुठे पिवळा डाग?"

नव्हता. अंगठी पांढरीशुभ्र होती. एकतीस वर्षं जे काम केलं, त्यामुळे मला ती लांबूनच कळली. पण फुमिएकडे पाहून मी गप्प बसले.

फुमिएने हात सोडवून घेतला. शांतपणे चुंबक उचललं आणि बोटाजवळ नेलं. टक! चिकटलं.



"तुम्ही हे चुंबक घरी आणलंत ना," ती म्हणाली, "त्याच दुपारी लावून पाहिलं होतं मी. सहा वर्षं झाली."

"अगं, म्हणजे... त्या दुकानदाराने मला फसवलं..."

"दुकानदाराचं नाव नका घेऊ. अख्ख्या गल्लीच्या अंगठ्या घासल्यात, माझी एकदाही मागितली नाहीत. तुम्हाला माहीत होतं. पोलादाची म्हणून दिली असती तरी मी घातली असती हो. सोन्याची म्हणून का दिलीत?"

आशिझावा तोंड उघडून बसला आणि त्या तोंडातून पहिल्यांदाच काही बाहेर पडेना. मला त्याची कीव येईल असं वाटलं होतं. नाही आली.

फुमिएने अंगठी बोटातून काढली आणि चुंबकासकट त्याच्यासमोर ठेवली. "मिनोरी, आजीची अंगठी घाल. नोझावासान, काही परत जाणार नाही."

मिनोरीने डोळे पुसले आणि अंगठी बोटात सरकवली. "मुलामा नव्याने चढवून देऊ का?" मी विचारलं.

"नको," ती म्हणाली. "अशीच छान आहे."

फुमिए स्वयंपाकघरात गेली आणि चहा घेऊन आली. आम्ही चौघं बसलो होतो. पेले तीन होते.